दोनशे तासांचा परवाना

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या शहरांच्या माथ्यावरून अहोरात्र विमानांची ये-जा चालू असते, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यामुळे ही वर्दळ पुढे वाढतच जाणार हे उघड आहे. परंतु जेथे एखाद्या होतकरू मुलाने किंवा मुलीने विमान चालविण्याचे पहिले धडे घ्यावेत, अशी एकही धावपट्टी उल्हास नदीच्या खोऱ्यातील या साऱ्या टापूत नाही. एके काळी धावपट्टी होती. कल्याणच्या दक्षिणेकडे, मलंगगडाच्या वाटेवर, नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने शेतजमिनी ताब्यात घेऊन ती बांधली. युद्ध संपले, विमाने निघून गेली, आणि मागे उरला तो जमिनीच्या मालकीचा तंटा, जो २०१७ च्या जून महिन्यात रस्त्यावर येऊन चिघळला. ज्यांच्या वाडवडिलांच्या नावे त्या जमिनी होत्या, त्या कुटुंबांचे गाऱ्हाणे सहानुभूतीने ऐकले जावे असे मला मनापासून वाटते. पण तो तंटा उद्या मिटला तरी नेवाळीवर शिकाऊ विमाने घिरट्या घालू लागतील असा संभव नाही, कारण शिकाऊ विमानाला एकाच धावपट्टीभोवती संथ गतीने, दिवसभर, तेच ते वर्तुळ घालण्याची मोकळीक लागते, आणि मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळाच्या नियंत्रित आकाशाखाली तशी मोकळीक मिळणे दुरापास्त आहे.

म्हणून आपल्याकडील मुलाला घर सोडावे लागते. कोणी बारामतीस जातो. कोणी गोंदियाजवळ बिरसी येथे, जेथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडातील एक कंपनी यांनी मिळून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभारली आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर ३४ विमानांची आणि वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी शाळा काढण्याचा मनोदय एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केला. परंतु विद्यापीठाची पदवी आणि उड्डाणाचे शिक्षण ही जोडी ज्याला हवी असते, त्याला सर्वांत जवळचे आणि सर्वांत जुने घराणे म्हणजे बॉम्बे फ्लाइंग क्लब. हा क्लब १९२८ सालचा. जुहूची धावपट्टीही त्याच सुमाराची. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक-परवाना मिळाला, तो याच क्लबात शिकून. त्या काळी जुहूची जमीन पावसाळ्यात पाण्याखाली जाई, आणि टाटांची टपालविमाने तेवढे महिने पुण्याहून उडत. आज या क्लबाच्या महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाची विमानविद्येतील पदवी मिळते, आणि उड्डाणाचे प्रत्यक्ष शिक्षण धुळ्याच्या धावपट्टीवर दिले जाते. डोंबिवलीचा विद्यार्थी सकाळची जलद गाडी पकडून, दादरला गाडी बदलून पार्ल्यास उतरतो आणि पुस्तकी विद्या घेतो. हाताला सुकाणू लागते ते मात्र खानदेशात.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याच्या अज्ञानापायी मध्यमवर्गीय कुटुंबांची राहती घरे गहाण पडतात. पदवी विद्यापीठ देते, परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते, आणि या दोहोंचा एकमेकांशी कायद्याने काहीही संबंध नाही. तीन वर्षे अभ्यास करून प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेला पदवीधर व्यावसायिक वैमानिक असेलच असे नाही, आणि व्यावसायिक परवाना खिशात असलेला तरुण पदवीधर असलाच पाहिजे असेही नाही. परवान्यासाठी महासंचालनालय ज्या गोष्टी पाहते त्या अशा: वय किमान १८ पूर्ण, भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण, प्रथम वर्गाचा वैद्यकीय दाखला, दिग्गणित, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांत किमान ७० टक्के गुण, रेडिओवर बोलण्याचा स्वतंत्र दाखला, आणि या सर्वांवर, नोंदवहीत विधिवत् नोंदलेले २०० तासांचे उड्डाण. या दोनशेंपैकी १०० तास विमानाची संपूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेऊन उडवलेले असावे लागतात. किमान २० तास दूरच्या गावांना जाऊन येण्याचे, आणि त्यांत एक प्रवास ३०० सागरी मैलांहून कमी नसलेला, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेला. १० तास केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचे. ५ तास रात्रीचे. विद्यार्थी ज्याला ‘लॉगबुक’ म्हणतात त्या वहीत प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा नोंदणी-क्रमांक, निघण्याची आणि उतरण्याची वेळ, आणि शिक्षकाची सही असते. आणि जो वैमानिक निवृत्तीपर्यंत ती वही खाडाखोडीवाचून जपतो, त्याच्याविषयी त्याच्या व्यवसायात आदराने बोलले जाते.

अमेरिकेत या बाबतीत निराळी परंपरा आहे. तेथील पर्ड्यू विद्यापीठाने १९३० च्या सुमारास स्वतःच्या मालकीचा विमानतळ उभारला, विद्यापीठाचा असा तो त्या देशातील पहिला, आणि उड्डाणाला अभ्यासक्रमात स्थान दिले. पुढे २००९ साली बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळल्यानंतर तेथील कायदेमंडळाने नियम कडक केले, आणि प्रवासी विमानात सहवैमानिक म्हणून बसण्यासही १,५०० तासांची अट २०१३ पासून अमलात आली. परंतु मान्यताप्राप्त विद्यापीठातून विमानविद्येची पदवी घेतलेल्यास ही अट १,००० तासांवर आणली. म्हणजे तेथे पदवीला तासांत मोजता येईल असे मोल आहे. आपल्या नियमांत पदवीधराला अशी सूट नाही. मग विद्यापीठात शिकावे तरी का, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर मी पुढे इलिनॉय विद्यापीठाच्या एका प्रयोगाच्या आधारे देणार आहे. तत्पूर्वी हे शिक्षण प्रत्यक्षात असते कसे ते पाहू.

त्याचा प्रारंभ धावपट्टीवर होत नाही, दवाखान्यात होतो. आधी दुसऱ्या वर्गाचा आणि मग पहिल्या वर्गाचा वैद्यकीय दाखला मिळवावा लागतो. चष्मा असणे हा अडथळा नव्हे, चष्म्यासह दृष्टी पुरेशी झाली म्हणजे झाले. पण काही जणांना तांबडा आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत, आणि वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत हे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानी आलेले नसते. शुल्काचा एक रुपयाही भरण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी.

त्यानंतर जे शिकवले जाते त्याला पाहणारा मनुष्य कदाचित शिक्षण म्हणणारही नाही. पहाटे विद्यार्थी सेसना १७२ जातीच्या चार आसनी विमानाच्या पंखाखाली वाकून उभा राहतो. या विमानाचे पंख छताच्या उंचीवर असून इंधनाच्या टाक्या पंखांच्या पोटात असतात. हातातील पारदर्शक पेला पंखाखालच्या लहानशा झडपेला टेकवून तो थोडे इंधन काढून घेतो. हे इंधन मुद्दाम फिकट निळे रंगवलेले असते, म्हणजे मोठ्या विमानांचे केरोसिनसारखे पिवळसर इंधन चुकून भरले गेले तर ते रंगावरूनच ओळखू यावे. रात्री अर्धवट भरलेल्या टाकीतील दमट हवेचे पाणी होते; ते इंधनाहून जड असल्याने तळाशी बसते आणि पेल्यात निळ्या थराखाली रंगहीन थेंबासारखे दिसते. थेंब दिसला तर पेला रिता करून पुन्हा भरायचा, तो स्वच्छ येईतोवर. आता यातली मेख पाहा: टाकीच्या तळाशी पाणी पुष्कळच असेल तर पेल्यात नुसतेच पाणी येईल, दोन थरांमधली रेघ दिसणारच नाही, आणि विद्यार्थ्याने तो पेला निळ्या आभाळाकडे धरून पाहिला तर ते पाणीही त्याला निळेच भासेल. म्हणून पेला विमानाच्या पांढऱ्या पत्र्यासमोर धरायचा, आणि वासही घ्यायचा. आदल्या संध्याकाळी हेच काम आपणच केले होते, विमान रात्रभर जागचे हलले नाही, ही सबब चालत नाही. माझ्या मते वैमानिकाच्या साऱ्या शिक्षणाचे सार या पेल्यात आहे: आपल्याला जे ठाऊक आहे असे वाटते ते पुन्हा पडताळून पाहण्याची, आणि पडताळण्याची रीतही आपल्याला फसवत नाही ना हे पाहण्याची सवय त्या वयात हाडीमासी खिळवणे.

मग ‘सर्किट’. धावपट्टीवरून उठून, जमिनीपासून हजार फुटांवर येऊन, चार वळणे घेऊन पुन्हा त्याच धावपट्टीवर उतरणे. एका फेरीला सहा-सात मिनिटे लागतात, आणि उतरताच चाके फिरती ठेवून पुन्हा उठायचे. जमीन जवळ येत असताना नाक नेमके केव्हा आणि किती उचलावे हे कोणत्याही पुस्तकात लिहून सांगता येत नाही. शिक्षक शेजारी बसून स्वतःचे हात मांडीवर ठेवण्याचा संयम पाळतो, आणि एका सकाळी विद्यार्थ्याच्या हातांना ते आपोआप कळते. साधारण पंधरा-वीस तासांनंतर शिक्षक खाली उतरतो आणि विद्यार्थ्याला एकट्याने एक फेरी मारून यावयास सांगतो. ‘सोलो’ झाल्याचा आनंद अवर्णनीय असतो असे सर्वच वैमानिक सांगतात. एक गोष्ट मात्र बहुतेकांना अनपेक्षित असते, ती ही की शिक्षकाचे वजन कमी झाल्यामुळे विमान सवयीपेक्षा लवकर उठते आणि उतरताना अधिक वेळ तरंगत राहते.

दिग्गणिताचे महत्त्व आपल्या परिचयाच्या भूमीवरच समजावून सांगतो. समजा, कल्याणच्या माथ्यावरून सरळ रेषेत धुळ्यास जायचे आहे. नकाशावर ही रेषा ईशान्येकडे सुमारे १३६ सागरी मैल, म्हणजे अंदाजे २५० किलोमीटर भरते; ती इगतपुरीवरून जाते, नाशिक किंचित डावीकडे ठेवते, चांदवडवरून पुढे सरकते आणि मालेगाव उजवीकडे टाकून धुळ्यास पोहोचते. जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याच्या इतकी लगत ही रेषा आहे, की ज्यांनी तो रस्ता आखला त्यांच्या दृष्टीचे कौतुक वाटावे. आता शिकाऊ विमानाचा वेग हवेत ताशी १०० सागरी मैल धरा, आणि वायव्येकडून ताशी २० सागरी मैलांचा वारा वाहतो आहे असे समजा. हा वारा आपल्या मार्गाला बरोबर काटकोनात येतो. विद्यार्थ्याने होकायंत्रावर ईशान्य दिशा काटेकोर राखली, पण वाऱ्याचा हिशेब केला नाही, तर विमानाचे नाक धुळ्याच्याच दिशेला राहील आणि विमान मात्र प्रत्येक पाच मैलांमागे एक मैल उजवीकडे सरकत जाईल. सव्वा तासाहून थोडा अधिक काळ उडाल्यावर, जेथे धुळे दिसायला हवे तेथे त्याला धुळे दिसणार नाही. ते डाव्या हाताला सुमारे ५० किलोमीटरवर राहिलेले असेल. आणि ही चूक निव्वळ वाट चुकण्यापुरतीच राहिली तर दैव चांगले, कारण ठरलेल्या रेषेच्या उजवीकडे नऊ सागरी मैलांवर कळसूबाईचे शिखर आहे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच, १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. आणि वाऱ्याने ढकलले गेलेले विमान त्याच्यापासून जेमतेम तीन किलोमीटरवरून जाईल. त्या वेळी ढगांचा पडदा असला आणि उंची कमी ठेवलेली असली तर काय ओढवेल हे सांगावयास नको. उपाय सोपा आहे: निघण्यापूर्वी कागदावर वाऱ्याचा त्रिकोण मांडायचा, नाक सुमारे साडेअकरा अंश डावीकडे वळते ठेवायचे, पूर्वेकडील प्रवासाच्या नियमाप्रमाणे ७,५०० फुटांसारखी सुरक्षित उंची घ्यायची, आणि इगतपुरी घड्याळाने सांगितलेल्या मिनिटाला पायाखाली आली की नाही हे पाहायचे. आज उपग्रहावरून स्थान सांगणारी यंत्रे विमानात असतात. तरीही हा त्रिकोण हाताने सोडवल्यावाचून परीक्षा पार पडत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण यंत्राने दिलेले उत्तर चूक असल्याची शंका ज्याला अजमासे उत्तर आधी ठाऊक असते त्यालाच येते.

आता तो इलिनॉयचा प्रयोग. आपल्या कानाच्या आतील भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, आणि शरीर वळते आहे की नाही हे त्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला कळते. वळण संथ आणि एकसारखे असेल तर काही सेकंदांतच तो द्रवही नलिकेच्या गतीने फिरू लागतो आणि वळण्याची जाणीव मावळते; पुढे विमान सरळ केले की उलट दिशेला वळत असल्याचा भास होतो. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तोवर हा भास टिकत नाही. ढगात मात्र डोळ्यांचा आधार जातो. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात असे वीस वैमानिक निवडण्यात आले, ज्यांना केवळ उपकरणांवर उडण्याची तालीम मिळालेली नव्हती. शेजारी अनुभवी वैमानिक बसवून, बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून त्यांना कृत्रिम ढगात सोडले. वीसच्या वीस जणांचा विमानावरील ताबा सुटला: एकोणीस जण खाली खाली जाणाऱ्या घातक वळणात सापडले, आणि विसाव्याने नाक इतके वर नेले की पंखांचा आधारच नाहीसा झाला. ताबा सुटेपर्यंतचा सरासरी वेळ होता १७८ सेकंद. त्यानंतर त्याच माणसांना थोड्या तासांची पद्धतशीर तालीम देण्यात आली: सुकाणूवरची पकड ढिली करा, वळणदर्शक उपकरणावर नजर ठेवा, ठरलेल्या संथ गतीने अर्धे वर्तुळ पुरे करून आल्या वाटेने परत फिरा, आणि त्यांतील जवळजवळ सर्वजण नंतरच्या चाचण्यांत सुखरूप बाहेर पडले.

विद्यापीठाचे प्रयोजन काय, याचे उत्तर मला या प्रयोगात दिसते. साध्या उड्डाणशाळेत शिक्षक सांगतो की शरीराच्या जाणिवेवर विश्वास ठेवू नकोस, आणि विद्यार्थी आज्ञाधारकपणे मान डोलावतो. ही आज्ञा का दिली जाते, ती कोणी पडताळून पाहिली, किती तालमीने किती फरक पडतो, हे शोधून काढण्याची सवड आणि जबाबदारी विद्यापीठाची. आपल्याकडे पदवीचा अभ्यासक्रम बहुधा परवान्याच्या परीक्षांची तयारी करून घेण्यातच खर्ची पडतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर दुपारी उठणारे झोत, कोकण किनाऱ्यावरील पावसाळी ढगांची उंची, विदर्भाच्या उन्हाळ्यात लहान विमानांच्या शक्तीत पडणारी घट, हे विषय एखाद्या विद्यापीठाने हाती घ्यावेत असे मोलाचे आहेत. यांतला शेवटचा विषय तर विद्यार्थ्याच्या रोजच्या अनुभवाचा. समुद्रसपाटीपासून हजार फूट उंचीवरील धावपट्टीवर पारा ४४ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमान आपण सुमारे साडेचार हजार फुटांवर आहोत अशा रीतीने वागते: धाव लांबते, चढण मंदावते. म्हणून मे महिन्यात उड्डाणे पहाटे उरकावी लागतात. पावसाळ्यात ढग खाली येतात आणि आठवड्यांमागून आठवडे नोंदवहीत एक ओळही पडत नाही. अशा दिवसांत वसतिगृहात बसून ढगांकडे पाहणाऱ्या मुलांची घालमेल समजण्यासारखी आहे. पण आज उडायचे नाही असा निर्णय घेऊन त्यावर ठाम राहणे हाही त्यांच्या शिक्षणाचाच एक भाग आहे, आणि पुढे दीडशे-दोनशे प्रवासी मागे बसलेले असताना त्यांना हाच निर्णय घ्यावा लागणार असतो.

या मार्गावर मुलींना प्रतिबंध नाही, आणि मराठी घरांना तर उदाहरण दूर शोधावे लागत नाही: १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचे कलकत्ता-सिलचर विमान केवळ स्त्री-कर्मचाऱ्यांनी चालविले, त्याच्या कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख. २०२३ साली महासंचालनालयाने दिलेल्या १,६२२ व्यावसायिक परवान्यांपैकी सुमारे १८ टक्के स्त्रियांना मिळाले.

खर्चाविषयी आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. परवाना हाती येईपर्यंत अर्ध्या कोटीच्या आसपास, आणि अनेकदा त्याहूनही अधिक रक्कम लागते. त्यानंतर एअरबस ए-३२० सारख्या एका विशिष्ट जातीच्या विमानाचे स्वतंत्र शिक्षण बहुधा पदरमोड करूनच घ्यावे लागते. परवाना मिळताच नोकरी मिळते असेही नाही, आणि नोकरीच्या प्रतीक्षेत असताना वैद्यकीय दाखला आणि उपकरणांवर उडण्याची पात्रता या दोन्ही गोष्टी दरवर्षी नव्या कराव्या लागतात, म्हणजे मिळकत शून्य असताना खर्च चालूच राहतो. मोठ्या परवान्याला १,५०० तास लागतात. कॅप्टनचे आसन त्यानंतरचे. ज्या कुटुंबाने डोंबिवलीतील दोन खोल्यांच्या जागेवर कर्ज काढण्याचे ठरवले असेल, त्याने या मधल्या काळासाठी वेगळी तरतूद केल्यावाचून अर्जावर सही करू नये.

आणि संस्था निवडताना माहितीपत्रकावरील चित्रांना भुलू नये. महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त उड्डाणशाळांची यादी असते, आणि २०२५ पासून त्यांची प्रतवारीही जाहीर होऊ लागली आहे. ती आधी पाहावी. मग प्रत्यक्ष त्या गावी जाऊन, दोन दिवस राहून, धावपट्टीच्या कुंपणाशी उभे राहून बघावे: किती विमाने कागदोपत्री आहेत आणि किती खरोखर उडतात, एका विमानामागे किती विद्यार्थी आहेत, किती शिक्षक कायम नोकरीत आहेत, दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेले इंजिन किती दिवस तसेच पडले आहे. शेवटी, गेल्या तीन वर्षांत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांचे दोनशे तास किती महिन्यांत पुरे झाले, हा तपशील संस्थेच्या शिक्क्यानिशी लेखी मागावा, आणि तो हाती पडेपर्यंत पहिला हप्ता रोखून धरावा.